ऊन, पांढरा रंग आणि गांवची हवा

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो खरें पाहिलें तर रसायनशास्त्राचा. परंतु मी तो इतिहास म्हणूनच मांडणार आहें. कारण मी रसायनशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण आणि पुढें तीन तपें शिक्षकाचा पेशा, एवढीच माझी शिदोरी. तथापि एखादी वस्तु लोकांच्या हातीं कशी आली, तिच्यापासून त्यांनीं काय अपेक्षिलें, आणि त्या अपेक्षांपैकीं कोणत्या खऱ्या ठरल्या, हें शोधण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. वाचनाची आवड व थोडी चिकाटी पुरते.

प्रथम निमित्त सांगतों. मी जुना जालना येथें राहतों. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना व दुसऱ्या तीरावर नवा जालना, अशी आमच्या शहराची जुनी वांटणी आहे. पहांटे दारापुढें सडा घालावा, तर दुपारपर्यंत उंबरठ्यावर बोटानें नांव लिहितां येईल इतकी धूळ सांचते. लोखंडी सळयांच्या कारखान्यांनीं या शहरास नांव दिलें आणि हजारों घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हें आम्ही विसरत नाहीं. पण भट्टीचा धूर, मालमोटारींची वर्दळ आणि रस्त्यांची धूळ हींहि आमच्याच वाट्यास आलीं. सन २०१९ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम हातीं घेतला. ठरविलेल्या मर्यादेंत ज्यांची हवा बसत नाहीं अशा शहरांच्या यादींत मुंबई, पुणें, नागपूर यांच्याबरोबर जालन्याचेंहि नांव आलें. मुंबईच्या पंक्तीस बसण्याचा मान आम्हांस असा मिळाला!

गेल्या वर्षीं आमच्या गल्लींतील वाचनालयाची रस्त्याकडची भिंत रंगविण्याचें ठरलें. वर्गणी जमली. इतक्यांत एका रंगविक्रेत्यानें येऊन सांगितलें कीं, आतां असा पांढरा रंग निघाला आहे कीं तो उन्हाच्या साहाय्यानें हवेंतील विषारी वायु खाऊन टाकतो. किंमत मात्र नेहमींच्या रंगाच्या अडीच पट. समितीच्या बैठकींत मीं त्या रंगाची बाजू मोठ्या उत्साहानें मांडली. तेव्हां माझा एक जुना विद्यार्थी उभा राहिला. तो आज एका कारखान्यांत भट्टीवर काम करतो. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, हा रंग उन्हावर काम करतो म्हणतां, पण आपल्या भिंतीवर चार दिवसांत धुळीचा थर बसतो. मग त्या रंगाला ऊन दिसायचं कसं?’’

मला उत्तर देतां आलें नाहीं. बैठक तहकूब झाली. त्याच्या धाकट्या मुलीस हिवाळ्यांत धाप लागते, हें मला ठाऊक होतें. त्यामुळें हा प्रश्न थट्टेचा नव्हता, हेंहि मी जाणून होतों. पुढील कांहीं महिने मीं या एका प्रश्नापायीं घालविले. त्या शोधाची हकीकत आज सांगावयाची आहे.

आपल्याकडे भिंतीचा पांढरा रंग म्हणजे चुना. दसरा-दिवाळीच्या सुमारास चुना भिजत घालावा, गाळावा, त्यांत चिमूटभर नीळ मिसळावी आणि कुंच्यानें भिंतीवर ओढावा, ही माझ्या लहानपणची रीत. लांकडासाठीं असे तो सफेदा. हा सफेदा शिशापासून होई. तो विषारी, शिवाय गंधकाचे वायु लागले कीं काळवंडणारा. पुढें जस्ताचा सफेदा आला. या दोहोंची जागा ज्यानें घेतली तो पदार्थ म्हणजे टायटॅनियम या धातूचें ऑक्साइड. आज आपल्या घरांच्या भिंती, आपले कागद, आपले प्लॅस्टिकचे डबे ज्यामुळें पांढरे दिसतात तो हाच पदार्थ.

या धातूची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. इ. स. १७९१ मध्यें इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यांतील विल्यम ग्रेगर नांवाच्या एका पाद्र्यानें ओढ्याकांठची काळी वाळू तपासली, तींत त्याला एका अपरिचित धातूचा पत्ता लागला. चार वर्षांनीं जर्मन रसायनज्ञ क्लाप्रोट यानें तो धातु स्वतंत्रपणें ओळखला आणि ग्रीक पुराणांतील टायटन नांवाच्या दैत्यांवरून त्याचें नामकरण केलें. अशी काळी वाळू आपल्याहि परिचयाची आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पुळणींत जे काळे पट्टे दिसतात त्यांत इल्मेनाइट नांवाचें लोखंड व टायटॅनियम यांचें खनिज असतें. दक्षिणेस त्रावणकोरच्या किनाऱ्यावर तें विपुल आहे, आणि तेथील खनिजाच्या बळावर तिरुवनंतपुरम येथें सन १९४६ मध्यें टायटॅनियमचा पांढरा रंग करण्याचा कारखाना स्थापन झाला. काळ्या वाळूंतून इतका पांढरा रंग निघावा, हा निसर्गाचा विनोदच म्हणावयाचा.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे व अमेरिका येथें हा रंग व्यापारी प्रमाणावर निघूं लागला. तो विषारी नव्हता, काळा पडत नव्हता, थोडक्यांत पुष्कळ झांकत होता. पण लवकरच रंगाऱ्यांची एक तक्रार सुरू झाली. उन्हाच्या बाजूच्या भिंतीला हात लावला कीं हाताला पांढरी भुकटी लागे. फळ्यावर खडू घासला कीं जशी भुकटी पडते तशीच ही. इंग्रज रंगारीहि या दोषाला खडूच्याच नांवानें ओळखत. विशेष हें कीं, सावलींतली भिंत शाबूत राही आणि उन्हांतली झडे. म्हणजे दोष उन्हाचा म्हणावा, तर दुसरे रंग त्याच उन्हांत टिकत. आणि दोष रंगाचा म्हणावा, तर तोच रंग सावलींत टिके. दोघे एकत्र आले कीं मात्र तेलाचा थर कुजून जाई.

शास्त्रज्ञांचें लक्ष अशा गोष्टींकडे थोडें आधींच गेलें होतें. सन १९११ मध्यें जर्मनींतील आयब्नर यानें दाखविलें कीं, जस्ताचा सफेदा मिसळलेला निळा रंग उन्हांत फिका पडतो. सन १९२१ मध्यें रेंट्झ यानें टायटॅनियमच्या ऑक्साइडावर सेंद्रिय पदार्थांच्या सान्निध्यांत सूर्यप्रकाश पाडला, तेव्हां तें पांढरें ऑक्साइडच काळसर पडलें. सन १९३८ मध्यें लंडन येथील गुडीव्ह व किचनर यांनीं दाखविलें कीं, टायटॅनियमचें ऑक्साइड प्रकाशांत रंगाचा नाश घडवून आणतें, परंतु त्या कामीं तें स्वतः खर्च होत नाहीं. अशा पदार्थाला रसायनशास्त्रांत उत्प्रेरक म्हणतात. बर्झीलियस या स्वीडिश पंडितानें ही कल्पना सन १८३५ च्या सुमारास रूढ केली. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळविणारा मध्यस्थ. तो दोन घरें जोडून देतो. स्वतः बोहल्यावर चढत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां नव्या स्थळाच्या शोधास मोकळा असतो.

येथें एका भारतीय नांवाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. अलाहाबाद विश्वविद्यालयाचे प्राध्यापक नीलरतन धर आणि त्यांचे सहकारी गोपाल राव यांनीं सन १९३१ मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. अमोनियाचे क्षार सूर्यप्रकाशांत, टायटॅनियम, जस्त इत्यादींच्या ऑक्साइडांच्या सान्निध्यांत, प्राणवायूशीं संयोग पावतात, असें त्यांनीं दाखविलें. जमिनींतील नत्राचें रूपांतर केवळ जंतूच करीत नसून त्यांत सूर्याचाहि वांटा आहे, असें धरांचें मत होतें. तें मत पुढें वादाचें ठरलें. पण ऊन आणि धातूचें ऑक्साइड मिळून हवेंतील प्राणवायूला कामास लावतात, ही गोष्ट आपल्याच देशांत, आपल्याच उन्हांत त्या काळीं तपासली जात होती, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्याहून आधीं, सन १९१२ मध्यें, इटलीचे प्राध्यापक चामिचान यांनीं न्यूयॉर्कच्या रसायन-परिषदेंत भाषण करितांना, दगडी कोळशाऐवजीं सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या उद्योगांचें चित्र श्रोत्यांपुढें उभें केलें होतें. तें त्या वेळीं पुष्कळांस स्वप्नवत् वाटलें असेल.

रंगाच्या कारखानदारांस मात्र स्वप्नें नको होतीं. त्यांना टिकाऊ भिंत हवी होती. त्यांनीं टायटॅनियमच्या ऑक्साइडाचे दोन मुख्य स्फटिक-प्रकार तपासले. त्यांपैकीं अनाटेज हा अधिक खोडकर आणि रूटाइल हा त्यामानानें शांत. म्हणून बाहेरच्या भिंतींसाठीं रूटाइल पसंत करण्यांत आला, आणि त्याच्या प्रत्येक सूक्ष्म कणावर अॅल्युमिना व सिलिका यांचें पातळ कवच चढविण्यांत येऊं लागलें. उन्हानें जागा होणारा हा गुण झोंपवून ठेवणें, हीच रंगधंद्याची अनेक वर्षांची खटपट होती. आपल्या घराच्या साध्या रंगांत हा पदार्थ असूनहि तो हवा शुद्ध करीत नाहीं, याचें कारण हेंच कीं त्याला मुद्दाम झोंपविलेलें असतें.

आतां आपण टोकियोस जाऊं. सन १९६७ च्या सुमारास तेथील विश्वविद्यालयांत प्राध्यापक होंडा यांच्या हाताखालीं अकिरा फुजिशिमा नांवाचा तरुण विद्यार्थी काम करीत होता. त्यानें रूटाइलचा एक स्फटिक पाण्यांत ठेवून तारेनें प्लॅटिनमच्या पट्टीशीं जोडला आणि स्फटिकावर प्रखर प्रकाश सोडला. तों दोन्हीं टोंकांशीं बुडबुडे! एकीकडे प्राणवायु व दुसरीकडे हायड्रोजन. प्रकाशानें पाणी फोडलें होतें, आणि स्फटिक मात्र जसाच्या तसा होता. हा निबंध सन १९७२ मध्यें ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं जगावर तेलटंचाईचें संकट आलें, आणि पाण्यापासून इंधन काढण्याच्या आशेनें जगभरच्या प्रयोगशाळा या पांढऱ्या भुकटीमागें लागल्या.

ही क्रिया घडते तरी कशी? मी ती वर्गाच्या दृष्टांतानें सांगतों. पदार्थांतील इलेक्ट्रॉन म्हणजे बाकांवर शहाण्यासारखीं बसलेलीं मुलें. पुरेसा जोरदार प्रकाश आला कीं त्यांतील एक मूल उसळी मारून वरच्या रिकाम्या बाकावर जातें. खालीं एक जागा मोकळी पडते. ही मोकळी जागा फार हांवरी असते. ती जवळच्या पाण्याच्या अंशाकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेते, आणि त्यामुळें पाण्याचा तो अंश स्वतः अत्यंत जहाल बनतो. तिकडे वर गेलेला इलेक्ट्रॉन हवेंतील प्राणवायूला चिकटून त्यालाहि जहाल करतो. हे दोन जहाल पाहुणे मग समोर जो धूर, जो वास, जो जंतु येईल त्याला जाळीत सुटतात. ज्वाला दिसत नाहीं एवढेंच. मोटारींच्या धुरांतील नत्रवायूचीं ऑक्साइडें अशा रीतीनें नायट्रेटच्या रूपांत भिंतीवर बसतात व पावसानें धुऊन जातात. परंतु वर्गांत शिकविलेल्या कोणालाहि ठाऊक आहे कीं, उसळी मारलेलें मूल बहुधा दुसऱ्याच क्षणीं आपल्या जागेवर येऊन बसतें. तसेंच येथेंहि होतें, आणि पडलेल्या प्रकाशाचा बराच भाग वायां जातो.

इंधनाची आशा या कारणानें व दुसऱ्या एका कारणानें मंदावली. तें दुसरें कारण असें कीं, अनाटेजला जागें करण्यास लागणारा प्रकाश म्हणजे सुमारें ३८८ नॅनोमीटरहून आंखूड लहरींचे, डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण. आणि जमिनीवर पोंचणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या शक्तींत त्यांचा वांटा शेंकडा ४ ते ५ इतकाच. रुपयांतले पांच पैसे घेऊन प्रपंच चालवावयाचा, तसा हा प्रकार. पण अल्प भांडवलावर मोठा कारखाना निघत नसला तरी लहान दुकान चालतें. सन १९७७ मध्यें अमेरिकेंतील फ्रँक व बार्ड यांनीं याच पदार्थानें पाण्यांतील सायनाइड हें जहर नष्ट करून दाखविलें. पुढें जपानांत फुजिशिमा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असा विचार केला कीं, इंधन पुष्कळ लागतें, पण भिंतीवर दररोज बसणारा मळ तर अगदीं थोडा असतो. तेवढ्याला हा थोडा प्रकाश पुरेल. यांतून जंतुनाशक फरशा निघाल्या. बोगद्यांतील दिव्यांच्या कांचा मोटारींच्या धुरानें काळ्या पडत. त्यांवर या पदार्थाचा पातळ लेप दिल्यावर दिव्याच्याच किरणांनीं कांच स्वच्छ राहूं लागली.

अशा रीतीनें जो दोष म्हणून अर्धशतक झोंपविला होता, तोच गुण म्हणून जागविण्याची खटपट सुरू झाली. रोम शहरांत सन २००३ मध्यें रिचर्ड मायर या स्थापत्यकारानें बांधलेलें एक चर्च पुरें झालें. त्याच्या शिडांसारख्या पांढऱ्या भिंतींच्या सिमेंटांत हा पदार्थ होता. बेल्जममधील अँटवर्प व इटलींतील बेर्गामो येथें रस्त्यांवर अशा फरशा बसविण्यांत आल्या. मेक्सिको शहरांत एका रुग्णालयाच्या दर्शनी भागावर असें लेपन केलेली जाळी सन २०१३ मध्यें उभारली गेली. इंग्लंडांतील शेफील्ड येथें तर सन २०१४ मध्यें सायमन आर्मिटेज या कवीची हवेवरील कविता १० मीटर रुंद व २० मीटर उंच अशा लेपित कापडावर छापून विद्यापीठाच्या इमारतीवर टांगण्यांत आली. कवितेनें हवा शुद्ध करावी, हा रसिकांचा जुनाच दावा. तेथें तो अक्षरशः आजमावला गेला!

त्याच वेळीं हा उत्प्रेरक सुधारण्याचे प्रयत्न चालूच होते. त्यांचे मार्ग थोडक्यांत तीन. पहिला, कण अधिक बारीक करणें, म्हणजे हवेशीं संपर्क वाढतो. प्रयोगांत मापदंड म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध भुकटीच्या केवळ एका ग्रॅमचें पृष्ठ सुमारें ५० चौरस मीटर, म्हणजे एका बेताच्या घराएवढें भरतें. दुसरा, वायूला धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र पदार्थाची त्याला जोड देणें. तिसरा, दुसरें एखादें मूलद्रव्य मिसळून त्याला दिसणाऱ्या प्रकाशांतहि जागें करणें. सन २००१ मध्यें जपानच्या असाही व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ऑक्साइडांत थोडा नत्र मिसळून पिंवळट भुकटी तयार केली व ती दृश्य प्रकाशांत काम करते असें दाखविलें.

या कार्यांत महाराष्ट्र मागें नव्हता. मुंबईची, सन १९३३ मध्यें स्थापन झालेली, रसायन-तंत्रविद्येची संस्था सर्वांस ठाऊक आहे. तेथील भातखंडे व पांगारकर यांनीं हॉलंडमधील बीनाकर्स यांच्यासह सन २००२ मध्यें या विषयाचा जो विस्तृत आढावा प्रसिद्ध केला, त्याचा आधार जगभरचे संशोधक घेत आले आहेत. नागपुरास सन १९५८ मध्यें स्थापन झालेली व सन १९७४ पासून ‘नीरी’ या नांवानें ओळखली जाणारी पर्यावरण-संस्था आहे. तेथील साधना रायलू, नितीन लाभसेटवार आदि संशोधकांनीं जिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या आधारें दृश्य प्रकाशांत काम करणारे उत्प्रेरक तयार करून, पाण्यापासून हायड्रोजन काढण्यावरील निबंध सन २००८ मध्यें प्रसिद्ध केला. आणि पुण्याच्या ‘सी-मेट’ या संस्थेंतील भारत काळे यांनीं दक्षिण कोरियांतील सहकाऱ्यांबरोबर कॅडमियम, इंडियम व गंधक यांचा एक उत्प्रेरक केला; त्याचा निबंध सन २००६ चा. सूक्ष्मदर्शकाखालीं त्याचे कण झेंडूच्या फुलासारखे पाकळ्या-पाकळ्यांचे दिसले, म्हणून निबंधाच्या मथळ्यांतहि त्यांना झेंडूचेंच नांव मिळालें. तेलशुद्धीच्या कारखान्यांत निघणारा, सडक्या अंड्यांसारखा वास येणारा विषारी वायु हा झेंडू दृश्य प्रकाशांत फोडतो व त्यांतून हायड्रोजन मोकळा करतो. कॅडमियम विषारी असल्यामुळें तो भिंतीवर फांसावयाचा पदार्थ नव्हे. त्याची जागा बंद पात्रांत. तरी दसऱ्याच्या तोरणांतलें फूल या शास्त्रांत शिरलेलें पाहून मला आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे.

येथवर वाचल्यावर माझा उत्साह पुन्हां वाढला होता. पण इतिहासाच्या अभ्यासकानें विजयाच्या बातमीवर ग्रंथ मिटूं नये. प्रयोगशाळेंतील कांचेच्या पेटींत जें घडतें तें रस्त्यावर घडतें काय, याचीहि परीक्षा झालेली आहे. ब्रुसेल्स शहरांतील लिओपोल्ड बोगद्याच्या भिंतींस सन २०११ ते २०१३ च्या दरम्यान हा लेप दिला, वरून अतिनील दिवे लावले व हवा मोजली. नत्रवायूच्या ऑक्साइडांत झालेली घट शेंकडा २ पेक्षां अधिक मानतां येईना. शिवाय तेथील गलिच्छ हवेंत लेप लवकरच मंद झाला, असें आढळलें. सन २०१६ मध्यें ब्रिटनच्या तज्ज्ञ-मंडळानें सर्व पुरावा एकत्र तपासला आणि असे पृष्ठभाग सर्वत्र वापरल्यानें शहराची हवा सुधारेल असें मानण्यास फारसा आधार नाहीं, असा अभिप्राय दिला. कांहीं परिस्थितींत नायट्रस अम्ल, फॉर्माल्डिहाइड यांसारखे नवे उपद्रवी पदार्थ या क्रियेंतून निघतात, हेंहि संशोधकांनीं दाखविलें आहे.

असें कां व्हावें? गणित प्राथमिक शाळेंतलेंच आहे. वारा सेकंदास २ मीटर या मंद गतीनें वाहत असला तरी १० मीटर लांबीच्या भिंतीपुढून तो ५ सेकंदांत निघून जातो. त्यांतील जो पातळसा पदर भिंतीस घांसून जातो तेवढ्यावरच लेपाची सत्ता. बाकीचा सारा वारा भिंतीस न शिवतां पुढें जातो. भिंत कांहीं हवेला बोलावून आणीत नाहीं. म्हणून जेथें हवा कोंडलेली आहे, पंख्यानें ती पुन्हां पुन्हां लेपावरून फिरवितां येते व दिवा आपल्या हातचा आहे, तेथें ही विद्या उपयोगी पडते. अंतराळयानांत वाढविलेल्या रोपांभोंवतीं एथिलीन हा फळें पिकविणारा वायु सांचूं नये म्हणून अमेरिकनांनीं हाच पदार्थ वापरला. फळांच्या कोठारांतहि तीच युक्ति चालते.

आतां जालन्याकडे वळूं. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न मुळाशींच होता. आमच्या हवेंतील मुख्य दुखणें आहे धूलिकणांचें. या कणांसाठीं आपल्या देशांत वर्षाच्या सरासरीनें घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे, आणि जालन्याचें नांव यादींत आलें तें धुळीमुळें. उत्प्रेरक वायूचें रूप पालटूं शकतो. पण लोखंडाचा कण, सिमेंटची भुकटी वा रस्त्याची माती यांना तो काय जाळणार? उलट हीच धूळ त्याच्यावर बसून त्याचें ऊन अडविते. भिंतीवर सांचलेलें नायट्रेट धुऊन काढण्यास पाऊस हवा, तर आमच्याकडे पावसाळा संपला कीं सात-आठ महिने आभाळ बहुधा कोरडें. ज्या देशांत हा लेप निघाला तेथें पाऊस बाराहि महिने अधूनमधून भिंती धूत असतो. उपाय ज्या मातींत वाढला ती माती विसरून तो दुसरीकडे लावला कीं काय होतें, याचें हें उदाहरण आहे.

वाचून पटलें तरी पाहून पटावें, म्हणून मीं एक बाळबोध प्रयोग केला. फरशीचे तीन तुकडे घेतले. एकास साधा रंग दिला, दोहोंस विक्रेत्यानें नमुन्यादाखल दिलेला नवा रंग. तिन्ही गच्चीवर ठेवले. नव्या रंगाच्या दोहोंपैकीं एक तुकडा मी दर रविवारीं पाण्यानें धूत असें. दुसऱ्यास हात लावीत नसें. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तिन्हींवर निळ्या शाईचा एकेक थेंब टाकावयाचा आणि तो किती दिवसांत नाहींसा होतो तें मांडावयाचें, असा क्रम ठेवला. पहिल्या महिन्यांत नव्या रंगाच्या दोन्ही तुकड्यांवरील शाई साध्या रंगावरील शाईच्या कितीतरी आधीं उडाली. विक्रेता खोटें बोलत नव्हता. परंतु चौथ्या महिन्यांत धुतलेला तुकडा पूर्वींसारखाच तेज होता, आणि न धुतलेला साध्या रंगाच्या पंगतीस येऊन बसला होता. त्याच्यावरून बोट फिरविलें तों बोट तांबूस-काळें झालें.

वहीसह मीं पुढच्या बैठकीस गेलों आणि प्रथम माझी चूक कबूल केली. रंग खोटा नाहीं. आपल्या दुखण्यावरचें तें औषध नाहीं, एवढेंच मीं सांगितलें. भट्टीच्या धुरास अडवावयाचें तर तें भट्टीच्या तोंडाशींच, धूर ओढून घेणाऱ्या झांकणानें व धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांनीं; रस्त्याच्या धुळीस अडवावयाचें तर रस्त्यावरच. एकदां हवेंत मोकाट सुटलेली घाण भिंतीनें वेंचून घ्यावी, ही अपेक्षा म्हणजे सांडलेल्या तेलांतून थेंब टिपण्यासारखी आहे. भिंतीला साधा रंग द्यावा असें ठरलें. उरलेल्या वर्गणींतून वाचनालयापुढची, वाहनें वळली कीं धूळ उडविणारी कच्ची पट्टी फरशी घालून बांधून घेतली. हें काम अगदींच लहान आहे. पण त्या फरशीवर आतां सडा टिकतो, आणि रस्त्याकडची खिडकी, जी वर्षानुवर्षें बंद असे, ती सकाळीं दोन तास उघडी ठेवतां येते.

माझा विद्यार्थी त्या दिवशीं फारसें बोलला नाहीं. जातांना मात्र त्यानें तो धुतलेला पांढरा तुकडा मागून घेतला. आतां तो त्याच्या मुलीजवळ आहे. ती दर रविवारीं तो धुते, त्यावर शाईचा थेंब टाकते व रोज उन्हांत नेऊन पाहते. परवां तिनें मला विचारलें, ‘‘आजोबा, शाई जाते कुठे?’’ हें सारें वाचून झाल्यावर तिला सांगण्याजोगें उत्तर माझ्याजवळ होतें, याचें मला समाधान वाटलें.